देवाला बांधून घ्यायचं राहिलं

रापण ओढायला किती माणूस लागतं, ते आता सांगून कोणाला पटत नाही. होडी जाळं घेऊन समुद्रात जायची, मोठा वळसा घालून परत यायची, आणि जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन टोकांना राहायचे. एक टोक आमच्या घरासमोर, दुसरं पार खडपाकडे, म्हणजे पाण्यातल्या खडकांकडे. दोन्हीकडची माणसं दोर ओढत ओढत एकमेकांकडे सरकायची आणि जाळं मधोमध वाळूवर चढायचं. ज्याने दोराला हात लावला तो वाटेकरी. बाप्ये, बायका, एका पायाने अधू झालेला म्हातारा, सगळे. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, आणि सगळ्यांच्या आधी देवाचा वाटा. माझा बाप त्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. वाटे तोच घालायचा आणि घालताना कोणाच्या तोंडाकडे बघायचा नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. मास्तरांनी माझं बरोबर असताना मारलं, म्हणून पुन्हा शाळेत गेलो नाही. तेव्हा हे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल. वाचणाऱ्याने समजून घ्यावं. नाही घेतलं तरी मी दुरुस्त करणार नाही. पण जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यात काही चुकायचं नाही.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग म्हटलं तर तो समुद्रातला किल्ला, एवढंच. पंचायतीच्या निवडणुका आमच्याकडे नव्याने सुरू झाल्या होत्या. आमच्या वाडीतून एक मेंबर जायचा होता. एका मेंबराने काय होणार असं आम्हा तरण्यांना वाटायचं. बापाला तसं वाटत नव्हतं, कारण शेटला तसं वाटत नव्हतं.

शेट म्हणजे बाजारातला मासळीचा व्यापारी. आमचा बांगडा तोच उचलायचा, बर्फात भरायचा, आणि त्याचे ट्रक कसालवरून घाटावर जायचे. माणूस वाईट बोलणारा नव्हता. कधी कोणावर ओरडलेला मी बघितला नाही. त्याला आमच्या किनाऱ्यावर बर्फाची शेड आणि होड्यांसाठी दगडी धक्का बांधायचा होता. जागा त्याने हेरली ती बरोबर मधली, जिथे आमचं जाळं वर चढायचं. तिथे धक्का झाला की दोर फिरणार कसा? त्यासाठी पंचायतीचा ठराव लागत होता, आणि आमच्या वाडीच्या मेंबराने हो म्हटलं तर बाकीचे कशाला नाही म्हणतील?

शेटने उभा केला तो परका माणूस नव्हता. माझा चुलतभाऊ. शेटच्या ट्रकवर माल भरून घेण्याचं काम करायचा. हसरा, कोणाच्याही घरात शिरून मडक्यातलं पाणी पिणारा. शेड झाली तर वाडीतल्या पोरांना काम मिळेल, मुंबईची वाट धरावी लागणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच्यासमोर उभा राहिला माझा थोरला भाऊ. त्याला वाचता-लिहिता यायचं, अर्ज लिहून द्यायचा लोकांना. एकाच घराण्यातले दोन झिलगे. आमची विधवा आत्या आमच्याकडेच असायची. ती म्हणाली, बरं झालं, कोणी पडला तरी घरातच पडणार.

आधी काय झालं, तर वाडीतल्या हॉटेलात चुलतभावाच्या नावाने फुकट चहा सुरू झाला. हॉटेल म्हणजे एक चूल आणि दोन बाकं. शेटची जीप यायची, विड्यांची पुडकी वाटून जायची. माणसं सकाळी दोर ओढायला यायच्या आधी चहाला जायला लागली. बापाने चार-पाच दिवस ते बघितलं. एका सकाळी रापण वर आली, देवाचा वाटा बाजूला काढला, आणि बाकीचे वाटे न घालताच तो वाळूवर बसून राहिला. मासे उन्हात. कोणी काही विचारायला तयार नाही. शेवटी माझ्या भावालाच विचारावं लागलं, की वाटे कधी घालणार.

बाप म्हणाला, आणखी दोन वाटे वाढवायचेत, ते कोणाचे ते ठरल्याशिवाय घालणार नाही. मग त्याने दोघांना पुढे बोलावलं.

"कागद व्हये, खळ व्हयी, कंदिलाक तेल व्हया. जां लागता तां हयसून घ्या. मतां पडापर्यंत दोघांकय एकेक वाटो, एकाच जाळ्यातलो. भायली चाय पण नको."

चुलतभाऊ हसून म्हणाला, "काका, आणि माका बांगडे कमी इले तर?"

"मगे मतां पण कमीच पडतली."

सगळी वाळू हसली. त्या हसण्यातच ते ठरलं. आज मोठी माणसं टीव्हीवर बसून म्हणतात, निवडणुकीतला पैसा कसा थांबवावा, त्यावर कायदे करतात, कायद्यातून वाटा काढतात. माझ्या बापाने तो कायदा मासे सुकायच्या आत केला. त्याला सही येत नव्हती. मला हे सांगताना अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

मग सगळे देवळात गेलो. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरली की गावकार देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, वाडीच्या वतीने देवाला सांगतो. त्याने सांगितलं, की या वाडीतला कोणी, बाप्या असो बाई असो, मतं पडेपर्यंत कोणाकडून पैसा, चहा, विडी, कपडा हातात घेणार नाही, आणि दोन्ही उमेदवार रापणीच्या वाट्याबाहेर खर्च करणार नाहीत. नारळ फुटला. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलवाल्याने आपणहून फुकट चहा बंद केला. जीप आली आणि विड्यांचं पुडकं पुढे करणारा हात तसाच राहिला. कोणी घेईना. शेटचा माणूस पुडकं बाकावर ठेवून गेला, तर ते दोन दिवस बाकावर पडून होतं, दव पडून भिजलं.

ते दिवस फार चांगले गेले. माझा भाऊ आणि चुलतभाऊ सकाळी एकाच दोराला असायचे, दुपारनंतर मतं मागायला निघायचे. खळीचं मडकं दोघांत एक. माझी आई खळ शिजवायची आणि दोघांनाही त्यातलीच द्यायची. एकाचा कागद दुसऱ्याने चिकटवलेला मी बघितलाय. मला राग यायचा, मी भावाला म्हणायचो की अशाने तू पडशील. भाऊ म्हणायचा, पडेन तर पडेन, पण लोकांना विचारून पडेन. संध्याकाळी दोघे एकदम आत्याकडे आले आणि मत मागायला लागले. ती मासे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघांच्या नाकाचो शेंबूड मियांच पुसलो. आता खंयच्या नाकाक मत देव तां सांगा."

माणसं धक्क्याबद्दल बोलायला लागली होती. फुकट चहा बंद झाल्यावर बोलायला वेळ मिळतो. दोर कसा फिरणार, वाडीतल्या पोरांना शेडमध्ये खरंच काम मिळेल का, मिळालं तर किती जणांना, जाळं खडपाच्या पलीकडे नेता येईल का. पहिल्यांदाच सगळे दोन्ही बाजू ऐकत होते. वाडी माझ्या भावाकडे झुकली होती. चुलतभावाने स्वतः मला सांगितलं, की यंदा काही आपलं खरं नाही.

मग शेट आला. जीपमधून नाही, चालत आला, अनवाणी. आमच्या कोणाच्या दारात गेला नाही. सरळ देवळात गेला आणि गावकाराला म्हणाला, माझा नवस आहे, देवापुढे सभामंडप बांधून द्यायचा आहे.

आमच्या देवळाला मंडप नव्हता. गाभारा तेवढा दगडी. जत्रेच्या वेळी वाडी मिळून चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा, मांडव घालायची. प्रत्येक घरातून नारळाची चुडतां यायची, विणायची, चढवायची, दोन दिवस नुसता कल्ला. दहीकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या, रात्री वारा आला की मांडव हलायचा. पक्का मंडप व्हावा असं प्रत्येकाला वाटायचं, पण रापणीच्या देवाच्या वाट्यातून तो कधी झाला असता? आणि हा म्हणतो, चिरे माझे, खांब माझे, वर पत्रे माझे, महिन्याच्या आत.

बाप देवळात धावला. मी आणि भाऊ त्याच्या मागून. बाप गावकाराला म्हणाला, हे मतांसाठी आहे. गावकार बापाचा बाळपणापासूनचा सोबती. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, "देवाक कोण देता, थंय माणसान आडवा येवचा नाय. देवाकच विचारूया."

म्हणजे प्रसाद लावायचा. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. ज्या देवाच्या नावाने त्याने साऱ्या वाडीला बांधलं, त्या देवाला विचारायला तो नको कसं म्हणेल? त्याने स्वतःच कळ्या आणून दिल्या.

गावकाराने विचारलं, महाराजा, हा मंडप घ्यायचा की नाही? आम्ही सगळे पाषाणाकडे बघत उभे. शेट सगळ्यांच्या मागे, हात जोडून, डोळे मिटून. माझं मत विचाराल तर तेव्हा तो खोटं करत नव्हता. देवावर त्याचा विश्वास होता. बराच वेळ काही नाही. मग उजवी कळी पडली.

परत येताना वाटेत भाऊ थांबला. म्हणाला, "बाबा, आधी की मगे, ह्यां विचारूक व्हया होता."

मंडप मतं पडायच्या आधी घ्यायचा की नंतर. एवढं एकच वाक्य. गावकाराने विचारलं नाही, बापाला सुचलं नाही, आम्ही एवढी माणसं उभी होतो, कोणालाच सुचलं नाही. बाप वाटेतच खाली बसला. मग म्हणाला, "आता परत विचारूक येना नाय." एका गोष्टीवर देवाने दिलेला प्रसाद पुन्हा लावत नाहीत. तो देवाचा अपमान होतो. माणसांचे हात आम्ही पक्के बांधले होते. देवाचे हात बांधावे लागतील हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

चिऱ्यांनी भरलेल्या बैलगाड्या आल्या. गाड्या वाळूत रुतायच्या म्हणून चिरे शेवटपर्यंत डोक्यावरून न्यावे लागत. वाडी कामाला लागली. देवाचं काम, मजुरी कोण घेणार? चहा प्यायचा नाही हे लोकांच्या लक्षात होतं, म्हणून स्वतःच्या घरून पाणी घेऊन यायचे. इतकी इमानदार माणसं होती. मी गेलो नाही. भाऊ गेला नाही. बाप गेला. डोक्यावर चुंबळ ठेवून चिरे वाहिले त्याने, रोज, रापण झाल्यावर. मी त्याला अडवलं, म्हटलं की तू आपल्याच पोराच्या पराभवाचे दगड वाहतोस. तो म्हणाला, दगड देवाचे आहेत, पराभव माझा आहे, दोन्ही मलाच वाहू दे. आणि पुढचा चिरा उचलला. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. त्यानंतर मी त्याला अडवलं नाही.

मंडप झाला. त्याचं जेवण झालं, सगळ्या वाडीचं. वरण, भात, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर. शेट स्वतः पंक्तीत वाढत होता. मतांबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. मी जेवलो नाही. आईने केळीच्या पानात बांधून माझ्यासाठी आणलं, ते मी गाईला घातलं. बाप जेवला, खाली मान घालून, देवाचं म्हणून.

त्या संध्याकाळी आत्या बापाकडे आली. बाप अंगणात जाळं दुरुस्त करत होता. ती उभीच राहिली.

"दादा, तुझ्या झिलाक मिया मत देवचंय नाय."

बापाचे हात थांबले. त्याने विचारलं, "तुका कोणी काय दिल्यान?"

"माका कोण कित्या देतलो? दिल्यान आसता तर तेच्या तोंडार मारलंय आसतंय. पण मंडपात बसान जेवलंय. जेना देवाक सावली केल्यान, तेच्या माणसाक नाय म्हणूक माझी जीभ उचलना नाय."

बाप म्हणाला, उद्या जाळं चढवायला जागा राहणार नाही, तुझाही वाटा जाईल. आत्या म्हणाली, जाईल हे तिला कळतंय. दोराने तिच्या दोन्ही हातांना पडलेले घट्टे होते, ते ती एकमेकांवर घासत होती. म्हणाली, तुला न सांगता दिलं असतं तर पाप लागलं असतं, म्हणून सांगायला आले. आणि आत जाऊन चुलीपुढे बसली. बापाने जाळं पुन्हा हातात घेतलं. तिने आमच्या समोर येऊन सांगितलं. बाकीच्यांनी सांगितलं नाही, एवढाच फरक.

भाऊ पडला. थोड्या मतांनी नाही, चांगला पडला. आणि त्या निवडणुकीत आमच्या वाडीत एका माणसाच्याही हातात कोणाचा पैसा पडला नव्हता. कोणीही येऊन शपथेवर विचारावं. बापाने केलेला नियम शेवटपर्यंत कोणी मोडला नाही.

निकालाच्या दिवशी गुलाल न लावता चुलतभाऊ आमच्याकडे आला. बापाच्या पायाशी बसला. रडत होता.

"काका, मी तुझो शब्द मोडूक नाय. मंडपाचा माका म्हायत नव्हता."

बाप म्हणाला, "तू मोडूक नाय. म्हणान तर मी गप आसंय."

पुढे ठराव झाला. चुलतभावाने त्यावर हात वर केला. न करून करणार काय, शेटने देवाला मंडप दिला होता आणि लोकांनी त्यासाठीच मत दिलं होतं. धक्का झाला. आमच्या जाळ्याचा दोर त्याला अडायचा, म्हणून रापण खडपाच्या बाजूला सरकवली, तिथे दगडांना लागून जाळं फाटायचं. मग इंजिनाच्या होड्या आल्या. शेडमध्ये काही पोरांना काम मिळालं, ते खरं आहे, चुलतभाऊ खोटं बोलला नव्हता. पण दोराला हात लावून वाटा घेणारी बाई, अधू म्हातारा, यांना इंजिनाच्या होडीवर कोण घेणार? आत्याचे हात मऊ झाले. ती ते हात बघत बसायची आणि आम्ही तिच्याकडे बघायचं टाळायचो. भाऊ मुंबईला गिरणीत लागला. पत्रात कधी वाडीचं विचारायचा नाही.

पुढच्या निवडणुकीला बाप पुरता म्हातारा झाला होता. रापण बंद झाल्यासारखीच. तोपर्यंत देवळाला घंटा आली होती, फरशी आली होती, प्रत्येकाखाली देणाऱ्याचं नाव कोरलेलं. आता शेट एकटा नव्हता, दुसऱ्या एका व्यापाऱ्यालाही आपला माणूस मेंबर करायचा होता आणि तो देवळाला शिखर बांधून देतो म्हणत होता. वाडी खूश होती. कोणी वाईट वागत नव्हतं. सगळं देवाचंच चाललं होतं.

बाप गावकाराकडे गेला आणि म्हणाला, गाऱ्हाणं घालायचं आहे. काय सांगायचंय ते ऐकून गावकार म्हणाला, असलं गाऱ्हाणं मी घालणार नाही, माझ्या तोंडून ते निघणार नाही. बाप म्हणाला, मग मी घालतो. इतकी वर्षं देवाचा वाटा मी काढला, एवढा हक्क माझा आहे. गावकाराने अडवलं नाही.

सकाळी माणसं जमली होती, शिखराचं ठरवायला. बाप मंडपात देवासमोर उभा राहिला, पुढ्यात नारळ. आमच्याकडे गाऱ्हाण्याची रीत अशी, की घालणाऱ्याने एकेक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तसं म्हटलं तरच ते वाडीचं गाऱ्हाणं. नाहीतर ते एका माणसाचं बोलणं.

"बा देवा म्हाराजा," बाप म्हणाला, "ह्या वाडीतल्या माणसांनी तुझ्या नावान आपले हात बांधान घेतले होते."

कोणी काही म्हणेना. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं जुनं दुखणं आहे. आत्या खांबाला टेकून बसली होती, तिने पदर तोंडावर ओढला. चुलतभाऊ दाराशी उभा होता, तो बाहेर बघायला लागला. वरचे पत्रे उन्हाने तडतडत होते. मी मागे होतो. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मोठ्याने म्हटलं. माझा आवाज पहिल्यापासून मोठा आहे, आणि पत्र्याखाली तो घुमला.

"मतां पडापर्यंत कोणाचो पैसो, कोणाचो चिरो, कोणाचो पत्रो तू घेव नको."

"व्हय म्हाराजा."

"आमी जसे बांधान घेतलों, तसो तू पण बांधान घे. मतां पडल्यार कोण काय देतलो तां सुखान घे."

"व्हय म्हाराजा."

बापाचा आवाज चढत गेला. ताठ उभा राहून त्याने सगळं म्हटलं, किनारा म्हटला, दोर म्हटला, वाटे म्हटले, आणि मी प्रत्येक वाक्याला मागून व्हय म्हटलं. गाऱ्हाणं संपलं तेव्हा त्याने वळून बघितलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या डाव्या-उजव्या बाजूला. आवाज घुमला होता, त्यामुळे त्याला वाटलं होतं, दोन-तीन माणसं तरी असतील.